पूल वर असताना

जुलैचे शेवटचे चार दिवस मी कुणाचं काही ऐकत नाही.
ऐकते, पण मानत नाही.
अफवांना डासांसारखं साचलेलं पाणी लागतं
आणि आमच्या गावाला नदी आहे.

मी पूल उचलते. म्हणजे बटण दाबते;
तो आपला आपण उठतो, दुपारची झोप मोडल्यासारखा कुरकुरत.
खालून खडीची जहाजं जातात लेक ईरीकडे,
दोन्ही बाजूंना गाड्या थांबतात,
आणि माझ्या काचेच्या खोलीत लायल ह्रूस्का बोलत असतो.
एकोणतीस वर्षं.
नवऱ्याशीसुद्धा माझं इतकं जमलं नाही.

ऑर्लँडो रात्रपाळीला येतो तो तोंडात बातमी धरूनच.
"किन्योनेसला सिएटलला देतायत. नक्की."
काल डेन्व्हरला देत होते, नक्की.
परवा टेक्ससला,
दोन पिचर आणि एक 'नाव पुढे कळवू' यांच्या बदल्यात.
आतल्या गोटातून कळलं म्हणे.
या गोटाला भिंती नाहीत का रे?
बाजारात तुरी, आणि यांची फोडणी देऊन झालीसुद्धा.

मला काळजी वाटते ती त्याची,
ज्याचं नाव पुढे कळवायचंय.
आयोवात कुठेतरी मोजे वाळत घालत असेल,
आणि त्याला ठाऊक नसेल की तो तोच.

निवेदकांबद्दल मात्र माझी मतं ठाम आहेत.
स्कोअर दर तीन मिनिटांनी सांगावा. माणसं मध्येच येतात,
मध्येच जहाज येतं.
घसा आपला, खेळ दुसऱ्याचा, हे विसरू नये.
शनिवारी तो नवा पोरगा असतो, ट्रेव्हर.
चेंडूचा वेग सांगतो, फिरकी सांगतो, कोन सांगतो,
चेंडू गेला कुठे तेवढं राहून जातं.
लायल म्हणतो, "डावीकडे, कुंपणापाशी,
गडी मागे वळला, टोपी पडली."
टोपीवरून मला कळतं केवढा मारलाय.

चुकतो तोही. त्याचे निम्मे होमरन झेल निघतात.
गेल्या महिन्यात त्याने किन्योनेसला
तीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्या नावाने हाक मारली.
मी दुरुस्त केलं. काचेला सांगितलं.
ऑक्टोबरनंतर लायल नसेल, असंही कुणी म्हणतं.
ती एक अफवा मी ऑर्लँडोला पुरी करू दिली नाही.

तीस तारीख, सातवी इनिंग. आम्ही दोन धावांनी मागे.
जहाज लांबलचक, पूल वर,
उकाड्याने सगळ्या गाड्यांच्या काचा खाली,
आणि वीसेक गाड्यांतून लायल, थोडा थोडा पुढेमागे.
"शॉर्टस्टॉपला दुसराच पोरगा आलाय.
किन्योनेस डगआउटमध्ये आहे.
मॅनेजर त्याच्या कानाशी लागलाय.
आता तो एकेकाला मिठी मारतोय.
बॅट उचलणाऱ्या मुलालाही."

मग तो काही बोलला नाही.
कुठे, कुणाच्या बदल्यात, काही नाही.
रेडिओवर नुसती गर्दीची घरघर,
लांब कुणी शेंगदाणे विकत होता, त्याची आरोळी.
पुलाच्या दोन्ही बाजूंना तीच शांतता,
थोडी थोडी पुढेमागे.

जहाज गेलं. लाटासुद्धा काठाला लागून परत गेल्या.
मी बटण दाबायची विसरले,
आणि कुणी हॉर्न वाजवला नाही.
एकाने वाजवला. नंबरप्लेट मिशिगनची.

लायल खाकरला.
"चार-दोन," म्हणाला.
मी पूल खाली घेतला.

अकराला ऑर्लँडो आला. "सांगितलं होतं ना, बर्नी!"
त्याने सांगितलेल्या नऊ गावांत ते गाव नव्हतं.
बदल्यात काय मिळालं, मी विचारलं.
एक डावखुरा पिचर, म्हणाला,
आणि एक, नाव पुढे कळवणार.

डबा उचलला, रेडिओ त्याच्यासाठी चालू ठेवला.
आयोवात एव्हाना मोजे वाळले असतील.